गुटी, बाळगोळी आणि पाळणाघर : रडत्या मुलाच्या समजुतीचा इतिहास

मूल वाढवताना घरच्यांना जे सोसावे लागते त्यात तान्ह्या मुलाचे रडणे ही सर्वांत जुनी आणि कोणत्याही घराला न चुकलेली गोष्ट आहे. दिवसभर शहाण्यासारखे झोपणारे मूल तिन्हीसांजेला पोट धरून रडू लागते, रात्र डोक्यावर घेते, आईच्या डोळ्याला डोळा लागू देत नाही, आणि त्याच मुलाने पहाटे झोपेत नुसते ओठ हलवून हसल्यासारखे केले की रात्रीचा सगळा शीण घरादार विसरून जाते. या रडण्यावर महाराष्ट्रातील घरांनी गेल्या काही शतकांत कोणते उपाय केले, ते कोणी केले आणि ते करायला कोणाला सवड होती, याचा माग घेतला तर वैद्यकाच्या इतिहासापेक्षा श्रमाचा इतिहास अधिक ठळकपणे समोर येतो. मुलाच्या तोंडी काय गेले हे मुलाच्या दुखण्यावर जितके ठरले, त्याहून अधिक ते त्याच्याजवळ बसायला कोण मोकळे होते यावर ठरले.

बोलता न येणाऱ्या मुलाचे दुखणे ओळखावे कसे, हा प्रश्न या देशातील वैद्यांनी फार पूर्वी हाताळलेला आहे. कौमारभृत्य, म्हणजे बालकांचे संगोपन व चिकित्सा, हे आयुर्वेदाचे स्वतंत्र अंग मानले गेले आणि त्यातील प्रमुख ग्रंथ म्हणजे काश्यपसंहिता. शतकानुशतके लुप्त समजल्या गेलेल्या या ग्रंथाची खंडित पोथी नेपाळमध्ये सापडली आणि ती १९३८ साली मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यातून प्रसिद्ध झाली. तिच्यातील वेदनाध्यायात मुलाच्या हालचालींवरून दुखणे कसे ताडावे हे सांगितले आहे : कान दुखत असतील तर मूल हातांनी कान चोळते, डोके हलवते, त्याला दूध नकोसे होते आणि झोप लागत नाही, पोट दुखत असेल तर ते स्तन सोडून देते, उताणे पडून रडते. कोणतेही उपकरण हाताशी नसताना केवळ पाहून केलेले हे निदान आजच्या बालरोगतज्ज्ञालाही ओळखीचे वाटावे इतके नेमके आहे. चरकसंहितेच्या शारीरस्थानात मुलाच्या खेळण्यांविषयी जे नियम दिले आहेत तेही असेच व्यवहारी आहेत : खेळणी निरनिराळी, आवाज करणारी आणि देखणी असावीत, पण जड नसावीत, अणकुचीदार नसावीत, मुलाच्या तोंडात शिरतील इतकी लहान नसावीत आणि त्याला घाबरवणारी नसावीत. त्याच ठिकाणी, मूल रडत असले किंवा खात नसले तरी त्याला राक्षस-पिशाच्चांची नावे घेऊन भिववू नये, असेही बजावले आहे. पुढे घरोघरी बागुलबुवा सर्रास वापरला गेला हे पाहता, या एका बाबतीत लोकव्यवहाराने शास्त्राचे ऐकले नाही असेच म्हणावे लागते.

ग्रंथांतील ही समज लोकांच्या घरात उतरली ती मुख्यतः गुटीच्या रूपाने. गुटी म्हणजे निरनिराळ्या वनस्पतींची मुळे, फळे, शेंगा व बिया दगडी सहाणेवर उगाळून, आईच्या दुधात किंवा उकळून गार केलेल्या पाण्यात कालवून, बाळाला रोज सकाळी न्हाऊमाखू घालण्याच्या सुमारास चाटवण्याचे औषध. घराघराप्रमाणे त्यातील जिन्नस बदलत, तरी हिरडा, मुरडशेंग, वेखंड, जायफळ, हळकुंड, सुंठ, अतिविष, काकडशिंगी, ज्येष्ठमध, वावडिंग, सागरगोटा आणि अंगी लागण्यासाठी बदाम व खारीक हे बहुतेक डब्यांत असत. जिन्नस वजनाने मोजत नसत, वेढ्यांनी मोजत. सहाणेवर थोडे पाणी घेऊन एखादे मूळ एकदा गोल फिरवले की तो एक वेढा झाला, आणि महिन्याच्या मुलाला हिरड्याचा एक, जायफळाचा अर्धा, वेखंडाचा एक, असे प्रमाण ठरलेले असून ते वयाबरोबर आणि मुलाच्या प्रकृतीप्रमाणे वाढत किंवा कमी होत असे. उगाळलेले गंध बोटाने पुसून वाटीत घ्यायचे आणि बोंडल्याने, म्हणजे निमुळत्या तोटीच्या लहानशा भांड्याने, बाळाच्या गालाच्या आतल्या बाजूला हळूहळू सोडायचे, अशी रीत होती. मूल ते थुंकत असे, तोंड वाकडे करीत असे, कधी अंगावर ओकत असे, आणि गुटी देणारी बाई तोंडाने बडबड करीत, हसवीत, गाल पुसत उरलेली गुटी पोटात घालीत असे.

या पद्धतीचे मर्म औषधांपेक्षा रोजच्या निरीक्षणात होते. आदल्या दिवशी शी हिरवी झाली की पातळ, मूल कण्हत होते की नुसते किरकिरत होते, छातीत घरघर होती की नाक चोंदले होते, हे आठवूनच गुटी उगाळणारी बाई आज कोणत्या जिनसाचा वेढा वाढवायचा आणि कोणता गाळायचा ते ठरवीत असे. खडा झाला असेल तर हिरडा वाढे, पोटात मुरडा असेल तर पिळदार मुरडशेंगेला महत्त्व येई, खोकला असेल तर काकडशिंगी, म्हणजे एका झाडाच्या पानांवर कीटकांमुळे येणारी पोकळ गाठ, कामी येई. जायफळ झोप आणते म्हणून ते जपून वापरावे, हे अनुभवी बाया सुनांना आवर्जून सांगत. थोडक्यात, गुटी हे एक ठरीव औषध नसून घरातील एका जाणत्या बाईने रोज सकाळी मुलाची केलेली तपासणी होती, आणि तिचा खरा उपयोग या तपासणीत असावा असे मानण्यास जागा आहे.

गुटीच्या यशाचे दुसरेही एक कारण आहे, आणि ते आधुनिक बालरोगशास्त्राने उलगडले आहे. निरोगी तान्ह्या मुलाचे विनाकारण रडणे जन्मानंतर वाढत जाऊन साधारण सहाव्या आठवड्याच्या सुमारास सर्वांत जास्त होते आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यापर्यंत ते आपोआप ओसरते. म्हणजे दुसऱ्या महिन्यात सुरू केलेला कोणताही उपाय, तो गुटीचा असो, दृष्ट काढण्याचा असो की नवसाचा असो, चौथ्या महिन्यात गुणकारी ठरणारच. काळाने होणाऱ्या या उताराचे श्रेय त्या त्या घरातील उपायाला मिळत गेले आणि त्या उपायावरची श्रद्धा पुढच्या पिढीला वारशाने मिळाली. मीठ-मोहऱ्या आणि मिरच्या मुलावरून ओवाळून चुलीत टाकणे, गालावर काजळाची तीट लावणे, मनगटात काळे मणी बांधणे हे सारे याच वर्गातले उपाय होत. त्यांना निव्वळ अंधश्रद्धा म्हणून झटकणे सोपे आहे. पण तीन तास रडणाऱ्या मुलापुढे हतबल झालेल्या आईला काहीतरी करायला देणे आणि घरातल्या आणखी दोन माणसांना तिच्या मदतीला उठवणे, हे काम त्यांनी निश्चित केले. झोपेत मूल हसले किंवा दचकून रडले तर सटवाई त्याला हसवते किंवा रडवते, असे मानीत. सटवाई म्हणजे जन्मानंतरच्या पाचव्या-सहाव्या रात्री येऊन मुलाचे भविष्य लिहिणारी देवता. या समजुतीमुळे ज्या रडण्याचे कारण सापडत नव्हते त्याचा दोष आईच्या दुधावर किंवा तिच्या खाण्यावर येत नसे, ही तिची जमेची बाजूही लक्षात घेतली पाहिजे.

गुटीपाठोपाठ येणारा न्हाणीचा विधी तर निखळ आनंदाचा होता. पाय लांब करून पाटावर बसलेल्या बाईच्या पायांवर बाळाला पालथे-उताणे घेऊन तेलाने मर्दन करणे, टाळू तेलाने भरणे, डाळीचे पीठ आणि साय लावून मळ काढणे, कढत पाण्याने शेकत न्हाऊ घालणे, मग शेगडीवर वेखंड, ओवा, बाळंतशेपा यांची धुरी देऊन दुपट्यात घट्ट गुंडाळणे, हा सगळा सोहळा तासभर चाले आणि न्हाणीत टाहो फोडणारे मूल त्यानंतर दोन-तीन तास गाढ झोपे. आईला दिवसातली सलग विश्रांती मिळे ती याच वेळी. बाळंतशेपा चघळणे, पाच-सहा महिन्यांनी उष्टावण करून खिरीचे पहिले बोट चाटवणे, या सगळ्या रीती एकमेकींत गुंतलेल्या होत्या. सहा महिन्यांनंतर मुलाला हलके अन्न द्यावे असे सुश्रुतसंहितेतही सांगितले आहे, आणि आजचा वैद्यकीय सल्लाही तोच आहे.

हे चित्र रम्य असले तरी ते सगळ्या महाराष्ट्राचे नव्हते. गुटीला एक सहाण, एक डबा आणि दीड-दोन तास मोकळी असलेली एक अनुभवी बाई लागे. ती बहुधा आजी असे किंवा घरात आश्रयाला राहिलेली विधवा आत्या, मावशी असे, जिच्या कष्टांची नोंद कोणत्याही जमाखर्चात झाली नाही. सव्वा महिना बाळंतिणीने अंथरूण सोडू नये, ही चैन खाऊन-पिऊन सुखी घरांना परवडे. ज्या घरात आईच्या मजुरीवाचून चूल पेटत नव्हती तिथे ती थोड्याच दिवसांत शेतावर जाई, मूल झाडाला टांगलेल्या लुगड्याच्या झोळीत निजे आणि त्याच्याहून चार-पाच वर्षांनी मोठी असलेली बहीण झोळीला झोके देई. अशा मुलीचे बालपण भावंडाला कडेवर घेण्यातच सरत असे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईत कापडगिरण्या उभ्या राहिल्या आणि या विषमतेला नवे, अधिक कठोर रूप आले. १८५४ साली कावसजी दावर यांनी पहिल्या कापडगिरणीची उभारणी सुरू केली. पुढील चार दशकांत गिरणगाव वसले आणि रत्नागिरीतून आणि सातारा व घाटावरच्या इतर भागांतून आलेल्या कुटुंबांतील हजारो बाया वाइंडिंग आणि रीलिंग या खात्यांत, म्हणजे सूत गुंडाळण्याच्या आणि त्याच्या लडी करण्याच्या कामावर, लागल्या. १८९१ च्या कारखाना कायद्याने बायकांच्या कामावर दिवसाला ११ तासांची मर्यादा घातली, यावरूनच त्यापूर्वीची स्थिती कळते. गावाकडे सासू राहिली होती, सहाणही तिच्याकडेच राहिली होती. चाळीतल्या दहा बाय दहाच्या खोलीत तान्हे मूल सांभाळायला एखादी शेजारची म्हातारी किंवा सात वर्षांची बहीण एवढाच आधार होता. काही बाया मुलाला गिरणीत घेऊन जात आणि यंत्रांच्या खडखडाटात, सुताच्या धुळीत त्याला कापसाच्या ढिगाजवळ निजवीत.

अकरा तास मूल न रडता, न भुकेजता पडून राहावे, यासाठी त्या परिस्थितीत एकच उपाय हाताशी होता, आणि तो म्हणजे बाळगोळी. मसाल्याची सुगंधी द्रव्ये अफूत मिसळून केलेली ही बारीक गोळी सकाळी आईच्या दुधात विरघळवून दिली की मूल दिवसभर गुंगीत राहत असे. अफूने मेंदू मंदावतो, आतड्यांची हालचाल थांबते, खोकला दबतो आणि भूक मरते. त्यामुळे मूल शांत, समाधानी आणि निरोगीच आहे असा भास होतो, आणि प्रत्यक्षात ते दूध कमी पिते, सुकत जाते, त्याचे पोट बांधले जाते. मात्रा चुकली तर ते जागेच होत नाही. या व्यवहारात सरकारही सामील होते, कारण अफूची विक्री सरकारी परवान्याच्या दुकानांतून होई आणि तिच्यातून राज्याला महसूल मिळे. १९२० नंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत मुंबई सरकारने गिरणीकामगार स्त्रियांची पाहणी करण्यासाठी डॉ. बार्न्स या महिला डॉक्टरची नेमणूक केली, तेव्हा या कामगार स्त्रियांच्या जवळजवळ सर्व तान्ह्या मुलांना अफू दिली जाते असे त्यांना आढळून आले.

त्याच सुमाराला, १९२१ साली, मुंबई शहरात नोंदल्या गेलेल्या दर हजार जन्मांमागे सहाशेहून अधिक अर्भके दगावल्याची नोंद आहे. बाळंतपणासाठी कित्येक बाया गावी जात आणि जन्माची नोंद शहरात होत नसे, त्यामुळे हा आकडा प्रत्यक्षापेक्षा फुगलेला आहे; तो कितीही कमी करून घेतला तरी उरतो तो भयंकरच आहे. या मृत्यूंचा सगळा दोष बाळगोळीवर टाकता येणार नाही, कारण कोंदट खोल्या, दूषित पाणी, आईची उपासमार आणि साथीचे रोग ही कारणे तितकीच मोठी होती. मात्र समकालीन लेखनात पुष्कळदा या आयांना अडाणी आणि निष्काळजी ठरवले गेले, ते अन्यायाचे होते. ज्या मँचेस्टरशी मुंबईच्या गिरण्या स्पर्धा करीत होत्या त्या मँचेस्टरच्या लँकेशायर परगण्यातील गिरणीकामगार स्त्रियाही गॉडफ्रेज कॉर्डियल नावाचे अफूयुक्त औषध पाजूनच मुलांना घरी ठेवीत असत. दोन खंडांतल्या, वेगळ्या धर्मांच्या आणि वेगळ्या भाषांच्या आयांनी एकच विष निवडले, त्याअर्थी ते निवडायला लावणारी गोष्ट गिरणीच्या भोंग्यात होती.

मध्यमवर्गाच्या घरात याच काळात दुसरी एक बाटली शिरली. इंग्लंडातील नॉटिंगहॅम येथील औषधविक्रेता विल्यम वुडवर्ड याने १८५१ साली ग्राइप वॉटर तयार केले. त्यात शेप्याचे तेल, खाण्याचा सोडा, साखर आणि काही प्रमाणात मद्यार्क होता. मद्यार्क पुढे विसाव्या शतकाच्या अखेरीकडे वगळण्यात आला. शेपा तर मराठी बाळंतिणीच्या ओळखीचाच होता. ज्या घरात आजी दूर राहत होती आणि सहाणेवर उगाळायला कोणी नव्हते, त्या घरात चमचाभर गोड पाणी ही सोय झाली. मात्र आदल्या दिवसाची शी आठवून वेढा कमी-जास्त करणारी नजर त्या बाटलीबरोबर येणे शक्य नव्हते.

गिरणीतल्या मुलांचा प्रश्न औषधाने सुटणारा नव्हता, तो कायद्याने आणि पाळणाघराने सुटणारा होता, हे ओळखणारी माणसे महाराष्ट्रात होती. कामगार पुढारी ना. म. जोशी यांनी १९२४ साली मध्यवर्ती कायदेमंडळात प्रसूतिलाभाचे विधेयक मांडले. ते फेटाळले गेले. १९२८ साली मुंबई विधिमंडळात तसे विधेयक आले तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी त्याला ठाम पाठिंबा दिला आणि प्रसूतीच्या आधी व नंतर आईला विश्रांती मिळणे हे देशाच्या हिताचे आहे, अशी भूमिका घेतली. १९२९ साली मुंबई प्रांतात हा कायदा झाला. देशातील अशा स्वरूपाचा तो पहिला कायदा होय. पुढे कामगारविषयक शाही आयोगाने, म्हणजे व्हिटली आयोगाने, १९३१ च्या अहवालात बायका मोठ्या संख्येने काम करतात त्या कारखान्यांत पाळणाघरांची शिफारस केली आणि १९४८ च्या कारखाना कायद्याने ती सक्तीची झाली; आरंभी ५० हून अधिक स्त्री-कामगार असलेल्या कारखान्यांना आणि १९७६ च्या दुरुस्तीनंतर ३० हून अधिक स्त्री-कामगार असलेल्यांना. तोवर गिरण्यांतील बायकांचे प्रमाण मात्र घसरणीला लागले होते. यंत्रसामग्रीतील बदल हे त्याचे एक कारण होते, आणि बाईला कामावर ठेवले की रजा व पाळणाघर यांचा खर्च पडतो हा मालकांचा हिशेब हे दुसरे.

कारखान्याबाहेरच्या मुलांकडे वळून पाहिले ते ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी. भावनगरला बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका यांच्याबरोबर काम करून आणि नूतन बालशिक्षण संघातून बालशिक्षणाचा पाया घालून ताराबाई १९४५ साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डीला आल्या, आणि १९५७ साली हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. तिथल्या आदिवासी पाड्यांवर त्यांना जो अडथळा आढळला तो नेमका जुनाच होता : शाळेच्या वयाच्या मुली शाळेत येऊ शकत नाहीत, कारण त्यांच्या कडेवर भावंड असते. त्यावर मुलीला दोष न देता त्यांनी भावंडाचीही सोय केली. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात चालवण्याची ही योजना विकासवाडी म्हणून ओळखली गेली. मुले येत नसतील तर पाड्यावरच्या अंगणात जाऊन भरवायची ती अंगणवाडी, आणि गुरे राखणाऱ्यांसाठी माळावर भरणारी ती कुरणशाळा. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली तेव्हा तिच्या केंद्रांनाही अंगणवाडी म्हटले गेले आणि ती संस्था देशाच्या कानाकोपऱ्यात पोहोचली. आयांना केवळ उपदेश करण्याऐवजी त्यांच्या कामाच्या वेळेत मूल सांभाळून देणे हा उपाय ज्यांनी प्रत्यक्षात आणला, त्यांत या दोघींचे स्थान फार वरचे आहे.

आज डॉक्टर पहिले सहा महिने आईच्या दुधाशिवाय काहीही, गुटी किंवा ग्राइप वॉटरसुद्धा, देऊ नये असे सांगतात, आणि सहाण व बोंडले नीट उकळलेले नसेल तर त्यातून होणाऱ्या जुलाबांचा विचार करता हा सल्ला योग्यच आहे. बाळाच्या दुधाच्या डब्यांची जाहिरात करण्यावर १९९२ च्या कायद्याने बंदी आहे. २०१७ पासून संघटित क्षेत्रातील नोकरदार स्त्रीला पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते आणि ५० किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराची जबाबदारी आहे. पण मराठवाड्यातून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघणारी बाई या कायद्यांच्या कक्षेत प्रत्यक्षात येत नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता अशी तिची नोंद मुकादमाच्या वहीत होते, तिचे तान्हे मूल पहाटेच्या थंडीत फडाच्या बांधावर झोळीत असते आणि झोळीला झोका द्यायला आजही मोठी बहीणच बसलेली असते. या टोळ्यांतील मोठ्या मुलांसाठी साखरशाळा निघाल्या, ही चांगली गोष्ट झाली. तान्ह्या मुलांसाठी फडाजवळ पाळणाघर असावे आणि त्याचा खर्च तोडणी-वाहतुकीच्या खर्चाप्रमाणेच साखर कारखान्याच्या हिशेबात धरला जावा, ही मागणी राज्याने यापुढच्या गळीत हंगामाआधी मान्य केली पाहिजे.